पोढी, तळे आणि नळ : मांजराकाठावरून जलबचतीच्या धोरणाचा विचार

मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहत कर्नाटकातील बिदरकडे जाते, पुढे तेलंगणात शिरते आणि मग उत्तरेकडे वळसा घेऊन पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला येऊन भिडते. या शेवटच्या टप्प्यात तिच्या काठी नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका वसलेला आहे. येथून पुढे कंदकुर्तीजवळ ती गोदावरीला मिळते. बिलोलीला पोहोचेपर्यंत धनेगाव, सिंगूर आणि निजामसागर ही मोठी धरणे तिने ओलांडलेली असतात. लातूर शहर तिच्यावर जगते. हैदराबाद शहराने सिंगूरचे पाणी कित्येक वर्षे प्यायले. नदीच्या शेपटाकडील माणसाला एक गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही : वरच्या शहरात जे पाणी वाया जाते, त्याचा हिशेब खालच्या गावात चुकता होतो.

चैत्र-वैशाखात मांजरेच्या पात्रात उभे राहिले तर पाण्यापेक्षा रेतीच अधिक दिसते. रेतीत झिरा खोदून वाटीवाटीने घागर भरण्याची रीत या काठच्या स्त्रियांना नवी नाही. अलीकडे रेतीच उपसून नेली जात असल्यामुळे तो आधारही क्षीण झाला आहे. याच दिवसांत तालुक्याच्या गावोगावी भिंतींवर ‘पाणी वाचवा’ असे रंगविलेले दिसते. हा उपदेश सर्वांसाठी सारखाच असतो. ज्याच्या गच्चीवर टाकी, अंगणात कूपनलिका आणि घरात फ्लशचा संडास आहे तोही तो वाचतो. आणि दोन हंड्यांसाठी नळावर तास-तास उभी राहणारी बाईही तो वाचते.

या दोन घरांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळेस सुमारे १० लिटर पाणी जाते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून चार वेळा ती ओढली, तर २०० लिटर पाणी गटारात गेले. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी शासनाने अनेक वर्षे जो निकष धरला होता, तो माणशी दररोज ४० लिटरचा होता; म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला पिणे, रांधणे, आंघोळ, धुणे आणि भांडी मिळून २०० लिटर. पुढे २०१९ मध्ये जल जीवन मिशनने हा निकष ५५ लिटर केला. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी तो १३५ लिटर आहे आणि नसलेल्यांसाठी ७०. एका घराच्या संडासात जेवढे पाणी जाते, तेवढ्यात दुसऱ्या घराचा सारा दिवस बसविला जात होता. मग पाणी वाचवावे कोणी? प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही इतिहासाच्या आधारे तपासू इच्छितो. घरगुती आणि नागरी जलबचत हा विषय आज अभियंते व अधिकारी यांचा मानला जातो. परंतु महाराष्ट्रात त्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे आणि तिच्यात आपल्या समाजाचा इतिहास गुंतलेला आहे.

छपराचे पाणी

पावसाचे पाणी छपरावरून गोळा करून साठविण्याची पद्धत आज ‘रेनवॉटर हार्वेस्टिंग’ या नावाने सांगितली जाते. तिचा सर्वांत नीटस नमुना ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी कान्हेरीला जावे. तेथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. कोकणातील पाऊस चार महिने अतोनात पडतो आणि नंतर आठ महिने डोंगर कोरडा असतो. भिक्खुसंघाने यावर जो उपाय योजला तो असा : लेण्याच्या दर्शनी भागावर, कातळातच, उताराला धरून पन्हळी कोरल्या, त्या पन्हळींतून उतरणारे पाणी लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यात आणून सोडले. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे उन्हाने पाणी उडत नाही. बहुतेक प्रत्येक निवासी लेण्याला आपापले टाके आहे. प्राकृत शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे.

पोढीचे दान हे लेण्याच्या दानाइतकेच पुण्यकारक मानले जाई. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात लेण्याबरोबर पोढ्या दिल्याची नोंद आहे, आणि नद्यांच्या तीरांवर प्रवाशांसाठी पाणपोया व विसाव्याच्या जागा केल्याचीही. जुन्नरजवळ एका यवनाने, इरिल असे त्याचे नाव, दोन पोढ्या दिल्याचे कोरून ठेवले आहे. परदेशातून आलेला एक माणूस येथील डोंगरात पाण्याचे टाके खोदवितो आणि त्याला कोणी त्याची जात विचारीत नाही, ही गोष्ट आम्हांला त्या शिलालेखातील व्याकरणापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

टाके असणे वेगळे आणि ते वापरण्याची शिस्त असणे वेगळे. विनयपिटकात या शिस्तीचा विचार बारकाईने केलेला आढळतो. चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसल देशातून दोन भिक्खू प्रवास करीत होते. त्यांच्यात तेढ निर्माण झाली. पुढे एकाने दुसऱ्याकडे पाणी गाळण्याचे वस्त्र मागितले. दुसऱ्याने मनात राग धरून ते दिले नाही, आणि मागणाऱ्याला प्राणास मुकावे लागले. यावर तथागतांनी नियम केला की प्रवासात असताना मागितलेले गाळणे नाकारता येणार नाही. भांडण असो वा नसो, पाण्याचे साधन अडवून धरता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. त्याच ग्रंथात स्थविर आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. पाचशे चीवरांचे दान घेऊन आपण काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने होतील, जुन्या आच्छादनांची गादीची खोळ, जुन्या खोळीचे पायपुसणे. आणि सर्वांत शेवटी जे उरेल ते कुटून चिखलात मिसळून भुई सारवण्यास घेऊ. एकदा वापरलेली वस्तू दुसऱ्या कामास लावणे आणि दुसरीतून उरलेली तिसऱ्या, ही साखळी येथे स्पष्ट दिसते. आज धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याचे जे शास्त्र सांगितले जाते, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही.

कोसंबीच्या भिक्खुसंघात फूट पडली त्या प्रसंगाचे मूळही अट्ठकथेने पाण्यात शोधले आहे : शौचालयातील भांड्यात एका भिक्खूने उरलेले पाणी तसेच ठेवले, आणि तो अपराध होय की नव्हे यावरून वाद पेटला. एका लोटीभर पाण्यावरून संघ दुभंगला, हे वाचून आजही हसू येते. मात्र आपल्या नळावरची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते फार काळ येणार नाही.

विहिरीचा काठ

मराठवाड्यात पाणी साठविण्याची विद्या कधीच कमी नव्हती. कंधारचा जगत्तुंग समुद्र हा तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधून मातीच्या नळांतून शहराच्या वस्तीत पाणी खेळविले. कोणतेही यंत्र नसताना केवळ उताराच्या जोरावर. खुद्द मांजरेवर हैदराबाद संस्थानाने १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर उभारला. बिलोली तेव्हा त्याच संस्थानात होती.

विद्या होती, साठवण होती. काठ मात्र सर्वांचा नव्हता. आमच्यापैकी अनेकांच्या आज्या विहिरीपासून हातभर दूर घागर ठेवून बसत आणि कोणी पोहऱ्याने वरून पाणी ओतील त्याची वाट पाहत. दुपार टळून जाई. त्या घागरभर पाण्यात घर चाले. तांदूळ धुतलेले पाणी जनावराला, भांड्यांचे पाणी दारातल्या झाडाला, आंघोळ एक दिवसाआड. पाणी इतके काटकसरीने वापरणारा दुसरा समाज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. ही जलबचत होय. परंतु ती त्यांनी स्वीकारलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. आणि जिने ती लादली त्या व्यवस्थेला कोणीही जलनीती असे नाव दिले नाही. आम्हांला मात्र ते नाव देणे योग्य वाटते. कोणाला किती पाणी, कोठून आणि कोणाच्या हातून, हे ठरविणारी ती नीतीच होती.

या नीतीला पहिला धक्का एका घराने दिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. त्याच जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सरकारने फौजेतील व पोलिसांतील माणसांकडून ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग नदीला मिळेल, अशी सूचना केली. पाणी वाटून घेणे आणि पाणी मुरविणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने सांगितल्या. पुढे त्या दोहोंची फारकत झाली : वाटणीचा प्रश्न समाजसुधारकांकडे गेला आणि मुरविण्याचा अभियंत्यांकडे.

महाडचा ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांस वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री काम पूर्ण झाले. तळ्यावर मात्र तीन वर्षे कोणी अस्पृश्य जाऊ शकला नाही. हे पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व स्थानिक मंडळे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. नागरी पाण्याच्या धोरणाच्या इतिहासात हा ठराव आम्हांला फार मोलाचा वाटतो. नुसता उपदेश करून नगरपालिका बदलत नाही, तिचा पैसा अडकला तरच ती हलते, हे बोले यांनी ओळखले होते. अलीकडे १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंधारण, पाण्याचा पुनर्वापर आणि स्वच्छता यांना बांधून टाकला. अनुदान अटींनी बांधण्याचे हे तंत्र नवे नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढचा प्रसंग वाचकांना ज्ञात आहेच. सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे, हा प्रतिवाद मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला. बोले यांच्या पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षे लोटली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख का आहे, याचे उत्तर या साडेतेरा वर्षांत आहे.

महाडचे बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. जलसंपत्तीचे प्रशासक बाबासाहेब मात्र आपल्याच वाचकांना पुरेसे परिचित नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा तो पूर्वज. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. तेथे जमलेले लोक महापुराच्या चिंतेत होते. बाबासाहेबांनी त्यांची समजूतच बदलण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मांडणीचा आशय असा की, पाणी अति झाले म्हणून ते अनिष्ट ठरत नाही. माणसाला पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो. पाणी ही लोकांची संपत्ती आहे. आणि निसर्ग ती लहरीपणाने वाटत असल्यामुळे निसर्गाविरुद्ध तक्रार न करता ती संपत्ती साठवून जतन केली पाहिजे.

ते तेथे नद्यांबद्दल बोलत होते, घरातील नळाबद्दल नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही ‘लोकांची संपत्ती’ हा शब्द एकदा मान्य केला की नळाचाही निकाल लागतो. सामाईक संपत्तीतून जो अधिक उचलतो, त्याने अधिक हिशेब दिला पाहिजे.

लातूरची गाडी

१९७२ च्या दुष्काळाने हा प्रश्न पुन्हा उघडा केला. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ याच काळात उभारली. गावात पाणी आटले तरी पाणवठे दोन ते दोनच राहतात, हे त्यांनी गावोगाव फिरून दाखविले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरविता कुटुंबातील माणसांवर ठरविला गेला आणि भूमिहीनांनाही तो मिळाला. उसाला मात्र बंदी होती. वाटा ठरला, म्हणून बचत झाली, हा क्रम त्या प्रयोगात दिसतो. शासनाने नंतर कायदे केले : १९९३ चा पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियंत्रणाचा, २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापनाचा. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजलसंधारण सक्तीचे झाले. या कायद्यांची यादी लांब आहे, अंमलबजावणीची तितकी लांब नाही.

आणि मग २०१६ चा उन्हाळा आला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८० हजार वस्तीचे लातूर शहर पाण्यावाचून राहिले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून १४४ कलम लागू झाले. पाण्याच्या काठावर माणसांनी जमणे हा महाडला सत्याग्रह होता. एकोणनव्वद वर्षांनी लातूरला तो शांततेचा भंग ठरला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली. तिचे दहा डबे, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी मिळू लागले. ही खेप साऱ्या शहरात सारखी वाटली तरी माणशी साडेसहा लिटर होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेले साडेसहा लिटर.

गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. ज्यांच्याकडे पाणी पोहोचल्यावर ते ठेवण्यास काहीच नव्हते, त्यांची फारशी छापली गेली नाहीत. ज्याच्या इमारतीखाली हौद होता त्याने टँकर विकत घेतला आणि हौद भरला. ज्याच्याकडे चार घागरी होत्या, त्याच्या बचतीची कमाल मर्यादा चार घागरी हीच होती. साठवण हीच मालमत्ता झाली होती. आणि हे घडत असताना ज्या खोऱ्यात शहर तहानलेले होते, त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षे ऊस वाढत गेलेला होता. नळाची चावी बंद करण्यास सांगणारी भिंतीवरची अक्षरे उसाच्या पाटापर्यंत कधी पोहोचलीच नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस मोठा पाऊस झाला, धरण भरले, आणि चर्चाही त्यातच बुडाली.

बिलोलीकरांना यातून घेण्याजोगे एक आहे. खालच्या अंगाला नदी अडविण्याचा मार्ग त्यांना फारसा मोकळा नाही. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याची क्षमता २.७४ टीएमसी. त्यावर आंध्र प्रदेशाशी दीर्घ वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देताना दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवण्याची अट घातली. म्हणजे ज्या चार महिन्यांत पाणी असते त्या चार महिन्यांत ते अडविता येत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून जो कलह झाला, त्याला बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून स्थान दिले आहे. नदीचे भांडण सुटण्यास पिढ्या लागतात. छपरावर पडणाऱ्या पावसावर मात्र कोणत्याही लवादाचा अधिकार चालत नाही.

घरकुलाचे छप्पर

घरगुती बचतीची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी मीटर आणि चढत्या दराची पाणीपट्टी यांवर धोरणकर्त्यांचा सर्वाधिक भर आहे. साताऱ्याच्या कराड तालुक्यातील मलकापूरने हे चोवीस तास पाणीपुरवठ्यासह करून दाखविले. तेथे जो अधिक वापरतो त्याला वरच्या टप्प्याचा दर अधिक पडतो. चोवीस तास पाण्याचा एक अनपेक्षित लाभही आहे : उद्या पाणी येईल की नाही ही धास्ती नसल्यामुळे घरोघरी ‘शिळे’ पाणी ओतून ‘ताजे’ भरण्याची सवय मोडते. आपल्या गावांत दोन दिवसांआड नळ येतो, आणि तो आला की कालचे निर्मळ पाणी गटारात जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. मीटर चांगलाच आहे. तो नळाला बसतो, एवढीच अडचण. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४७ टक्के कुटुंबांना घराच्या आवारात पिण्याचे पाणी होते; अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के. जल जीवन मिशननंतर नळ पुष्कळ वाढले. त्यांतून वर्षभर पाणी येते काय, हे मात्र दर उन्हाळ्यात पाहावे लागते.

नांदेड जिल्ह्याने या बाबतीत स्वतःची एक गोष्ट दिली आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची, भोवती दगडगोटे भरायचे आणि न्हाणी-मोरीचे पाणी त्यात सोडायचे. उघड्या गटारांची गरज उरली नाही, डास हटले, सांडपाणी जमिनीत मुरू लागले. पुढे रोजगार हमीतून हे खड्डे जिल्हाभर घेतले गेले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून तो इतरत्र सांगितला जाऊ लागला. अल्प खर्चाचे, घराघरात होणारे आणि शासनाच्या निधीतून चालणारे असे दुसरे काम आम्हांला आठवत नाही. त्यातही एक उणीव राहते. खड्ड्याला अंगण लागते. ज्या वस्तीत भिंतीला भिंत लागून खोल्या आहेत आणि जी वस्ती बहुधा गावाच्या उतारावर आहे, तेथे खड्डा कोठे खोदावयाचा? अशा वस्तीसाठी गल्लीच्या टोकाला सामाईक खड्डा घेण्याची तरतूद योजनेत ठळकपणे असली पाहिजे. अन्यथा आकडेवारीत गाव पूर्ण होते आणि वस्ती तशीच राहते.

छपराचाही असाच हिशेब आहे. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शासकीय घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले तर त्याच्या छपरावर वर्षभरात २२,५०० लिटर पाणी पडते. उडून व वाहून जाणारा पाचवा भाग सोडला तरी १८,००० लिटर हाती लागू शकते. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर माणशी रोज जवळजवळ १० लिटर. म्हणजे पिण्याचे आणि रांधण्याचे सारे पाणी. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. तिच्यातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक घरकुलाला असे छप्पर आहे. त्या छपराला पन्हळ आणि दाराशी टाकी नसेल, तर ते १८,००० लिटर दर पावसाळ्यात गल्लीत वाहून जातात आणि मार्चमध्ये तीच बाई नळाच्या रांगेत उभी राहते. सगळे पाणी साठविण्याची टाकी घरकुलाच्या पैशात बसत नाही, हे खरे आहे. पाच-सात हजार लिटरची टाकी आणि उरलेले पाणी गल्लीच्या सामाईक कूपनलिकेच्या भोवती मुरविणे, हे बसू शकते. घरकुलाचा अखेरचा हप्ता देण्यापूर्वी अभियंता शौचालय पाहतो. त्याने पन्हळही पाहावी. नगरपालिका व ग्रामपंचायतींनी हे काम अनुदानातून प्रथम वस्तीत करावे आणि मग गावात, असा आमचा आग्रह आहे. बोले यांच्या दुसऱ्या ठरावाचे तत्त्व येथे लावता येईल.

या निमित्ताने आम्ही आपल्या विहारांकडेही पाहिले. मराठवाड्यातील गावोगावच्या विहारांना आता पक्के स्लॅब आहेत. मध्यम विहाराचा स्लॅब ६० चौरस मीटरचा असतो; त्यावर वर्षाला ५४,००० लिटर पाऊस पडतो, आणि वरील हिशेबाने ४३,२०० लिटर मिळू शकतो. आम्ही पाहिलेल्या बहुतेक विहारांत हे पाणी एका पाइपातून समोरच्या रस्त्यावर पडते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, प्रवचन चालू असताना, त्याचा आवाज आत ऐकू येतो.